क्रिएटिनिन नॉर्मल आलं, पण लघवीतलं प्रोटीन मोजलं का?

वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअप करून घ्यायची सवय पुण्यात आता चांगली रुजली आहे. रिपोर्ट मोबाईलवर आला की लोक आधी शुगर बघतात, मग कोलेस्टेरॉल, आणि किडनीच्या रकान्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ दिसलं की निर्धास्त होतात. 'किडनी एकदम ओके' हे वाक्य लॅबच्या काउंटरवर मी सतत ऐकते. त्यातल्या ज्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे, त्यांना मी विचारते, 'लघवीचं एसीआर केलंय का कधी?' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'लघवी तपासली की! प्रोटीन निल आहे.'

निल आहे हे खरंच. पण ज्या तपासणीत निल आलं ती वेगळी आणि मी विचारते ती, लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन नेमकं मोजणारी एसीआर, वेगळी. या दोन तपासण्यांमधल्या फरकामुळे मूत्रपिंडाला इजा व्हायला लागल्याचं कित्येकांना काही वर्षं उशिरा कळतं, आणि ती वर्षंच उपचाराच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची असतात.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक, असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. रक्त गाळलं जातं ते इथे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला ९९ टक्के पुढच्या नळ्यांमधून पुन्हा रक्तात घेतला जातो आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो.

या गाळणीतून पाणी, क्षार, साखर, युरिया, क्रिएटिनिन सहज पार होतात. अल्ब्युमिन मात्र अडवलं जातं. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारं प्रोटीन. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते ३.५ ते ५ ग्रॅम असतं आणि रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपू न देणं हे त्याचं मोठं काम. गाळणीला तीन थर आहेत: आतून रक्तवाहिनीचं अस्तर, मध्ये एक पातळ पापुद्रा आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी, ज्यांची बोटं एकमेकांत गुंतवल्यासारखी बसलेली असतात. अल्ब्युमिनचा रेणू या फटींच्या मानाने मोठा, शिवाय त्याच्यावर ऋण विद्युतभार, त्यामुळे तो मागेच राहतो. चुकून थोडं निसटलंच, तर पुढची नळी ते उचलून घेते. म्हणून निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतं. सगळी प्रोटीन धरली तर १५० मिलिग्रॅमपर्यंत जातात, कारण त्यात मूत्रपिंडाच्या नळ्या स्वतःच तयार करतात ते प्रोटीनही येतं. तेवढं जाणारच, त्यात आजार नाही.

डायबेटिस आणि वाढलेला बीपी हे दोघं नेमके या गाळणीवर घाव घालतात. ग्लोमेरुलसच्या आतला दाब वाढतो, पापुद्रा जाड होतो, पोडोसाइटची बोटं बोथट होतात, काही पेशी सुटून लघवीतून वाहून जातात. शरीर त्या सहसा भरून काढू शकत नाही. फटी पडल्या की अल्ब्युमिन झिरपायला लागतं. या वेळी दुखत नाही, सूज नसते, लघवीचा रंगही बदलत नाही.

आणि क्रिएटिनिन? ते जागच्या जागी असतं. काही नेफ्रॉन निकामी झाले तरी उरलेले जास्त काम करून भरपाई करतात. डायबेटिसच्या सुरुवातीच्या काळात तर मूत्रपिंडं नेहमीपेक्षा जास्त गाळतात, म्हणजे क्रिएटिनिन उलट छान दिसतं. ते नॉर्मलची रेघ ओलांडतं तेव्हा बऱ्याचदा जवळपास निम्मी क्षमता गेलेली असते.

क्रिएटिनिनची आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्याकडे विशेष लागू पडते. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. ज्याचे स्नायू कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीराच्या ठेवणीवर कित्येक वर्षं काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी जास्त आणि त्याच वजनात स्नायू कमी. डायबेटिस आपल्याकडे बारीक माणसांनाही का होतो हे यातून कळतंच, पण लॅबमध्ये बसून मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. अशा माणसाचं क्रिएटिनिन ०.९ आलं म्हणजे सगळं ठीक आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

वयाचा हिशेबही धरायला हवा. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. सध्या वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या सूत्रात क्रिएटिनिन १.० घालून पाहा. ३० वर्षांच्या पुरुषाचं ईजीएफआर येतं सुमारे १०४. ७५ वर्षांच्या आजींचं येतं सुमारे ५९. दोघांच्याही रिपोर्टवर क्रिएटिनिनला लाल खूण नाही, पण आजींच्या मूत्रपिंडांची चौकशी करायलाच हवी. ६० च्या खालचं ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर तो दीर्घकालीन किडनीविकार धरला जातो. तेव्हा नुसतं क्रिएटिनिन वाचू नका, शेजारी ईजीएफआर छापलंय का ते बघा.

आता लघवीकडे वळू. लघवीतल्या प्रोटीनचा आणि मूत्रपिंडाचा संबंध लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली नीट मांडला. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ झाली, साकळली, की त्यात अल्ब्युमिन आहे. आमच्या शिक्षणाच्या काळात प्रयोगशाळेत हेच परीक्षानळीत करायचो. नळीचा वरचा भाग तापवायचा, गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट होते, राहिला तर प्रोटीन.

आज 'युरिन रुटीन'मध्ये हे काम पट्टी करते. प्लास्टिकच्या अरुंद पट्टीवर रंगीत चौकोन असतात, त्यातला एक प्रोटीनचा. त्या चौकोनात असा रंग भरलेला असतो की आम्लात तो पिवळा दिसतो, आणि चौकोन कायम आम्लधर्मी राहील अशी सोयही त्यातच केलेली असते. अल्ब्युमिन आलं की ते रंगाच्या रेणूला चिकटतं आणि आम्ल असूनही रंग बदलतो. आधी पोपटी, मग हिरवा, मग निळसर हिरवा. बाटलीवरच्या रंगांशी ताडून ट्रेस (अगदी किंचित), एक प्लस, दोन प्लस असं लिहितात. एक प्लस म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम, दोन प्लस म्हणजे १००, तीन प्लस म्हणजे ३००.

पट्टी स्वस्त आहे, झटपट आहे, पण ती लघवी किती दाट आहे यावर फार अवलंबून असते. मे महिन्यात दुपारभर उन्हात फिरून पाणी न पिता दिलेल्या सँपलमध्ये निरोगी माणसालाही ट्रेस येऊ शकतो. आणि उलट बाजू जास्त घातक. समजा एखाद्याच्या लघवीतून दिवसाला ६० मिलिग्रॅम अल्ब्युमिन जातंय, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. त्याची दिवसभराची लघवी दीड लिटर. तर १०० मिलिलिटरमध्ये आलं फक्त ४ मिलिग्रॅम. पट्टीला रंग बदलायला १०-१५ तरी लागतात. पट्टी पिवळीच राहणार आणि रिपोर्टवर 'निल' छापून येणार. काउंटरवरचं ते 'निल' हेच.

पट्टीचा अजून एक आंधळा कोपरा म्हणजे ती मुख्यतः अल्ब्युमिनच ओळखते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात वेगळीच प्रोटीन लघवीतून जातात आणि पट्टी कोरी राहू शकते. उतारवयात कंबर-पाठ सतत दुखतेय, हिमोग्लोबिन उतरलंय, क्रिएटिनिन वाढलंय आणि पट्टी मात्र निल, असं दिसलं की डॉक्टर एकूण प्रोटीन वेगळं मोजायला सांगतात ते त्यासाठी.

मग नेमकं मोजायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे २४ तासांची लघवी गोळा करणं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ सुरू. त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिलीसुद्धा कॅनमध्ये. नियम सोपा आहे, पण स्वारगेटहून हिंजवडीला बसने नोकरीला जाणाऱ्या माणसाने तो कॅन घेऊन काय करायचं? एक वेळ राहून गेली की उत्तर चुकलं. काही खास प्रसंगी ही तपासणी अजूनही लागते, रोजच्या कामाला नाही.

तिची जागा एसीआरने घेतली आहे: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. एकाच वेळच्या लघवीत अल्ब्युमिन मोजायचं, क्रिएटिनिनही मोजायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. हा भागाकार कशासाठी ते आकड्यांतूनच बघा. एका बाईंच्या सकाळच्या दाट लघवीत लिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आणि १.६ ग्रॅम क्रिएटिनिन आहे. भागाकार ५०. त्याच दिवशी भरपूर पाणी प्यायल्यावर लघवी पातळ झाली: अल्ब्युमिन २५ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन अर्धा ग्रॅम. भागाकार पुन्हा ५०. पाण्याने दोन्ही सारखंच पातळ केलं, गळती मात्र होती तेवढीच दिसली. शिवाय प्रौढ माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण एक ग्रॅम क्रिएटिनिन जातं, त्यामुळे 'एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे इतकं अल्ब्युमिन' हा आकडा २४ तासांच्या आकड्याच्या जवळ येतो. कॅन न बाळगता.

अर्थात सगळ्यांचं क्रिएटिनिन एक ग्रॅम नसतं. अगदी कृश आजींचं कमी असतं, म्हणून त्यांचा एसीआर थोडा फुगून येतो. व्यायामाने कमावलेल्या पैलवानाचं जास्त, म्हणून त्याचा थोडा दबलेला. अनुभवी डॉक्टर समोरच्या माणसाकडे बघून हा हिशेब मनात करतात.

रिपोर्ट असा वाचायचा: ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० म्हणजे मध्यम वाढ, ३०० च्या वर म्हणजे जास्त वाढ. हे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅम या एककातले. मुलगा-सून इंग्लंडला असतील आणि त्यांच्या रिपोर्टशी तुलना करायला गेलात तर गोंधळ उडेल, कारण तिथे प्रति मिलिमोल लिहितात आणि त्याच रेघा ३ आणि ३० वर येतात. आपल्याकडचा मोठा घोटाळा वेगळा आहे. 'युरिन मायक्रोअल्ब्युमिन' नावाने कधीकधी फक्त लिटरमागचं अल्ब्युमिन छापलेलं असतं, भागाकार नाहीच. तो आकडा पुन्हा पाण्याच्या भरवशावर. म्हणून तपासणी सांगताना 'रेशो' हा शब्द आवर्जून वापरा. काही डॉक्टर पीसीआर, म्हणजे प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, सांगतात. त्यात अल्ब्युमिनऐवजी सगळी प्रोटीन धरलेली असतात आणि नॉर्मल साधारण ०.१५ ते ०.२ च्या आत असतं. एसीआर आणि पीसीआर यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

सँपल द्यायची ती सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली. एक आजी मला म्हणाल्या होत्या, 'अगं, मी उठते पाचला आणि तुमची लॅब उघडते सातला. आणू कशी?' स्वच्छ डबीत घेऊन दोन तासांत पोचवली तरी चालते, आणि तेही जमत नसेल तर लॅबमध्ये येऊन दिलेलीही चालते. फक्त पहिल्यांदा वाढलेला आकडा आला तर खात्रीसाठी सकाळची पहिली हवी. उंचपुऱ्या तरुण मुलांमध्ये दिवसभर उभं राहिल्यावर प्रोटीन जातं आणि रात्री झोपल्यावर थांबतं असा एक निरुपद्रवी प्रकार असतो, तो सकाळच्या सँपलने लगेच ओळखू येतो.

ताप असताना, लघवीला जळजळ होत असताना, मासिक पाळीत किंवा शुगर फार वाढलेली असताना ही तपासणी करू नका. जोरदार व्यायामानंतर तर नाहीच. रविवारी पहाटे सिंहगड चढून-उतरून, येता येता लॅबमध्ये सँपल देणारे असतात. त्यांचा एसीआर वाढलेला आला तर त्याला काही अर्थ नाही. मॅरेथॉन असो, दिवे घाट चढून आलेला वारकरी असो, मध्ये एक-दोन दिवस विश्रांती द्या आणि मग तपासा.

एकदा ३० च्या वर आलं म्हणजे किडनी गेली असं नसतं. हा आकडा दिवसागणिक बराच हलतो. तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा तपासून त्यात दोनदा वाढलेला आला, तरच गळती खरी धरतात. पण दुसऱ्यांदा तपासायचं राहूनच जातं, हे मी फार बघते. 'पुढच्या वर्षीच्या चेकअपमध्ये बघू' असं करू नका.

खरी गळती असेल तर ती किती गंभीर हे ठरवायला एसीआर आणि ईजीएफआर शेजारी ठेवावे लागतात. एकाचं ईजीएफआर ५५ आणि एसीआर १०. दुसऱ्याचं ईजीएफआर ९५ आणि एसीआर ४००. पहिल्याचं घर धास्तावलेलं असतं आणि दुसरा बिनधास्त. आंतरराष्ट्रीय तक्त्यात मात्र धोका दुसऱ्याला जास्त आहे. हा धोका नुसता मूत्रपिंडाचा नसतो. एसीआर वाढलेल्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो, कारण जी इजा ग्लोमेरुलसमध्ये दिसते ती शरीरातल्या इतर बारीक रक्तवाहिन्यांमध्येही चालू असते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: काही डायबेटिक रुग्णांचं ईजीएफआर लघवीत अल्ब्युमिन नसतानाही उतरतं. म्हणून दोन्ही तपासण्या करायच्या. टाइप २ डायबेटिस असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून, टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, आणि मग दर वर्षी. बीपी असणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि घरात कुणाला किडनीचा आजार असणाऱ्यांनीही. भाराभर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ही एक बऱ्याचदा नसते आणि वेगळी केली तर काही शे रुपयांत होते. माझं स्पष्ट मत आहे की डायबेटिस असणाऱ्याने पॅकेजमधली निम्मी नावं सोडून दिली तरी चालेल, पण ही सोडू नये.

लघवीला फेस येतो म्हणून घाबरून येणारेही पुष्कळ. जोरात पडणारी धार, दाट लघवी, भांड्यातलं क्लीनर, कशानेही फेस येतो. रोजच येत असेल आणि बसत नसेल तर तपासा. डोळ्यांनी निदान होत नाही, दोन्ही बाजूंनी नाही. लहान मुलांचं मात्र वेगळं. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज आणि लघवी कमी, असं असेल तर लगेच पट्टी लावून बघायची. गाळणीतून खूप प्रोटीन गळतं त्या नेफ्रॉटिक सिंड्रोम या आजारात तीन-चार प्लस येतं आणि बहुतेक मुलं स्टेरॉइडने सुधारतात. त्यांच्या आईवडिलांना घरीच रोज पट्टी लावून वहीत लिहायला शिकवतात. सलग तीन दिवस तीन प्लस आलं तर आजार पुन्हा उलटला समजायचं. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीत प्रोटीन दिसलं तर मूत्रपिंडाच्या फुरसतीच्या तपासण्या करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

'प्रोटीन जातंय तर प्रोटीन पावडर घेऊ का?' हा प्रश्न हमखास येतो. नाही. गळती भरून काढायला पावडर लागत नाही, आणि जास्त प्रोटीनने ग्लोमेरुलसवरचा ताण वाढतो. पण मग वरण-उसळच बंद करणारेही भेटतात. तेही चूक. किडनीविकारात साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन दिवसाला घ्यायला सांगतात, आणि आपल्याकडच्या कित्येक शाकाहारी ज्येष्ठांच्या पोटात तेवढंही जात नाही. कमी करायचं ते मीठ. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, त्यात भाजी-आमटीबरोबर पापड, लोणचं, फरसाण आणि चहासोबतची बाकरवडी सगळं आलं.

औषधांनी गळती कमी होते, आणि ही अलीकडच्या काळातली फार चांगली बातमी आहे. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची औषधं ग्लोमेरुलसमधून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो. म्हणून 'बीपी तर काठावर आहे, मग ही गोळी कशाला' असं वाटलं तरी ती मनाने बंद करू नका. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित असते, म्हणून दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. गरोदरपणात मात्र ही औषधं चालत नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आली शुगरसाठी, पण ती मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलं आणि आता डायबेटिस नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही दिली जातात. उलट, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणि घटक माहीत नसलेली भस्मं ही केलेल्या कामावर पाणी फिरवतात.

उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एसीआर पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ३०० वरून २०० वर आला तर औषध लागू पडतंय. एसीआर ३०० च्या वर टिकून राहिला, लघवीत रक्तही दिसलं, ईजीएफआर भराभर उतरायला लागलं किंवा ३० च्या खाली गेलं, तर फॅमिली डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवतील. जाताना फक्त शेवटचा रिपोर्ट नेऊ नका. जुने सगळे क्रिएटिनिन आणि लघवीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, दुखण्यावरच्यासुद्धा.